आपल्या तालुक्याएवढा देश

(८ मार्चच्या निमित्ताने करमाळा येथे भरलेल्या मेळाव्यात एका निवृत्त क्रीडाशिक्षिकेने केलेले भाषण. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो, आणि इथे पुढे सतरंजीवर बसलेल्या माझ्या मुलींनो,

मला बोलवायला ज्या दोघी आल्या होत्या त्या म्हणाल्या, "बाई, खेळावर बोला, पण प्रेरणा मिळेल असं बोला." मी म्हटलं, प्रेरणा वगैरे मला जमायची नाही. तीस वर्षं मी मैदानावर शिट्टी वाजवली आहे. मी फार तर हिशेब सांगेन. आपण बायका हिशेबात पक्क्या असतो. किलोभर पिठात किती भाकरी होतात हे आपल्याला विचारावं लागत नाही. तर आज आपण थोडा माणसांचा हिशेब करू. नीट सांगायचं तर मुलींचा.

आपल्या करमाळा तालुक्यात माणसं किती? २०११च्या शिरगणतीत ती अडीच लाखांच्या घरात होती. आता जगाच्या नकाशावर वेस्ट इंडीजकडे या. तिथे सेंट लुसिया नावाचं एक बेट आहे. क्रिकेट बघणाऱ्या पोरांना डॅरेन सॅमी माहीत असेल, तो तिथला. तिथली एकूण लोकसंख्या पावणेदोन-एक लाख. म्हणजे आपल्या तालुक्याहून कमी. जागा ६१७ चौरस किलोमीटर, आपल्या तालुक्याच्या निम्मीसुद्धा नाही. पण तो देश आहे. त्याला झेंडा आहे, राष्ट्रगीत आहे. १९७९ साली तो इंग्रजांकडून स्वतंत्र झाला आणि १९९६ पासून ऑलिंपिकला खेळाडू पाठवतो. खेळाडू किती? हाताच्या बोटांवर मोजावेत इतके.

३ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये बायकांची शंभर मीटरची अंतिम शर्यत होती. पाऊस पडत होता, मार्ग ओला होता. अमेरिकेच्या मुली होत्या. त्यांच्या देशात चौतीस कोटी माणसं, विद्यापीठांतून मैदानं, प्रशिक्षक, डॉक्टर, सगळा लवाजमा. आणि शर्यत जिंकली सेंट लुसियाच्या ज्युलियन आल्फ्रेडनं. १०.७२ सेकंद. दुसरी आलेली १५ शतांश सेकंद मागे. शंभर मीटरमध्ये हे अंतर पुष्कळ असतं. सेंट लुसियाचं हे ऑलिंपिकमधलं पहिलंच पदक, आणि ते सोन्याचं. तीन दिवसांनी तिनं दोनशे मीटरमध्ये रुपेरी पदकही घेतलं.

ही ज्युलियन कोण? ती १२ वर्षांची असताना वडील वारले. तिनं धावणं सोडून दिलं. तिच्या गावच्या प्रशिक्षकानं पुन्हा मैदानावर आणलं. चौदाव्या वर्षी ती एकटी जमैकाला शिकायला गेली. पुढे अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात. शर्यत जिंकल्यावर पत्रकारांना तिनं सांगितलं की लहानपणी ती अनवाणी धावायची, शाळेच्या गणवेशातच धावायची. आणि आमच्याकडे धड स्टेडियम नाही, या पदकामुळे तरी नवं होऊ दे, असंही म्हणाली. ते का? तर २००९ साली तिथल्या एका मोठ्या इस्पितळाला आग लागली. रुग्णांना ठेवायचं कुठे? म्हणून देशाच्या क्रीडा संकुलातच इस्पितळ हलवलं. तात्पुरतं म्हणून हलवलेलं ते इस्पितळ वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. 'तात्पुरतं' म्हणजे काय, हे आपल्या सरकारी इमारती पाहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

ज्युलियनबद्दल सगळ्यांनी लिहिलं. मला तिच्या आधीच्या एका बाईचं नाव घ्यायचं आहे. लेव्हर्न स्पेन्सर. उंच उडी मारणारी. त्याच चिमुकल्या देशातून ती चार ऑलिंपिकला गेली. एकदाही पदक मिळालं नाही. २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत मात्र तिनं सुवर्ण मिळवलं. विचार करा, चार ऑलिंपिक म्हणजे बारा-तेरा वर्षं झाली. तितकी वर्षं तो देश एका बाईच्या मागे उभा राहिला. ती हरून आली तरी पुढच्या खेपेला पुन्हा पाठवलं. तेवढी वर्षं बेटावरच्या शाळकरी मुली बघत होत्या की आपल्यातली बाई झेंडा घेऊन जाते. त्या बघणाऱ्या मुलींमध्ये ज्युलियन होती. पदक मिळालेली आपल्याला दिसते. रस्ता पाडणारी दिसत नाही.

त्याच संध्याकाळी, त्याच मैदानावर, डॉमिनिका नावाच्या शेजारच्या बेटाची थिया लाफॉंड तिहेरी उडीत पहिली आली. १५.०२ मीटर. डॉमिनिकाची लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास. तुमच्या-माझ्या माहितीतली मोठी वीस-पंचवीस गावं एकत्र केली की झाला तो देश. त्यांचंही हे पहिलंच पदक. एका संध्याकाळी दोन चिमुकल्या देशांना पहिलं पदक मिळालं आणि दोन्ही बायकांनी मिळवलं.

आता कोणी म्हणेल, बाई, तिकडची माणसं शरीरानंच तशी असतात. हे मी शिक्षकांच्या खोलीत खूप ऐकलेलं आहे. म्हणून दुसरा देश घेऊ, आपल्या शेजारचा. भूतान. तिथली लोकसंख्या आठ लाखांच्या आत. आपल्या सोलापूर जिल्ह्यात २०११ला त्रेचाळीस लाख माणसं होती. म्हणजे भूतान आपल्या जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याहून लहान. तिरंदाजी हा त्यांचा राष्ट्रीय खेळ. पण पारंपरिक तिरंदाजी पुरुषांची. पुरुष बाण मारणार आणि बायका कडेला उभ्या राहून नाचणार, गाणार. आपल्याकडे आखाड्याच्या दारात बाईला जसा मज्जाव होता, तशातलाच प्रकार. असा हा देश १९८४ला पहिल्यांदा ऑलिंपिकला गेला तेव्हा त्यानं सहा तिरंदाज पाठवले. त्यांत तीन पुरुष आणि तीन बायका होत्या. २०१२ला लंडनला भूतानचे दोनच खेळाडू होते, एक तिरंदाज आणि एक नेमबाज. दोघी बायका. झेंडा शेरब झाम या तिरंदाज मुलीच्या हातात. २०१६ला रिओला पुन्हा दोघीच, त्याही बायकाच.

पदक नाही मिळालं. पण जे बाण बायकांचे नव्हतेच म्हणत होते, तेच बाण घेऊन त्या जगापुढे उभ्या राहिल्या. आपल्याकडे बायकांची पहिली महाराष्ट्र केसरी कुस्ती व्हायला २०२३ साल उजाडावं लागलं. सांगलीला झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली.

मी लहान देशांच्या आरत्या ओवाळायला उभी नाही. तिथेही सगळं आलबेल नाही. ज्युलियनला चौदाव्या वर्षी घर सोडावं लागलं, कारण घरी सोय नव्हती. थिया लहानपणीच अमेरिकेत गेली, तिथेच वाढली. त्या देशांत पैसा नाही. पण एक गोष्ट मला त्यांच्यात दिसते. ज्याच्याकडे दोनच शेरडं आहेत तो दोन्हींना नावानं हाक मारतो. ज्याचा मोठा कळप असतो त्याची चार मागे राहिली तरी त्याला संध्याकाळपर्यंत पत्ता लागत नाही. लहान देशाला एकही मुलगी वाया घालवणं परवडत नाही. आपण एकशेचाळीस कोटींच्या वर. आपल्याला वाटतं, एक गेली तर दुसरी आहेच. आणि तसं म्हणता म्हणता किती गेल्या याचा हिशेबच आपण ठेवत नाही.

आता आपल्या खेळाकडे येऊ. खो-खो. ज्याचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात पहिल्यांदा बांधले गेले, असा आपला खेळ. याला काय लागतं? दोन खांब, फकी आणि पोरं. बूटसुद्धा लागत नाहीत. म्हणून तर आपल्या भागातल्या गरिबाच्या पोरींनी तो उचलला.

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तेवीस देशांचे संघ आले. बायकांचे एकोणीस संघ होते. त्यांत केनिया होतं, युगांडा होतं, पेरू होतं, पोलंड होतं. आणि तिरंदाजीवाल्या भूतानच्या मुलीही होत्या. आपल्या संघाची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. १९ तारखेला अंतिम सामना झाला, भारत आणि नेपाळ. आपण ७८-४० असे जिंकलो. पेढे वाटले, मीही वाटले.

पण मास्तरणीची खोड, मी गुणफलक पुन्हा बघत बसले. आपल्या मुलींनी पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाला १७५-१८ असं हरवलं. इराणला १००-१६. मलेशियाला १००-२०. बांगलादेशाला १०९-१६. उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेला ६६-१६. म्हणजे बघा, आपल्याविरुद्ध कोणाचेही वीसच्या पुढे गुण गेले नाहीत. नेपाळच्या मुलींनी चाळीस केले. इतर सगळ्यांच्या दुप्पट. नेपाळ केवढा? तीन कोटींच्या आत, आपल्या महाराष्ट्राच्या साधारण पावपट. आणि हे काही एका दिवसाचं नव्हे. २०१९ला काठमांडूच्या दक्षिण आशियाई स्पर्धेतही अंतिम फेरीत आपल्यासमोर नेपाळच्याच मुली होत्या. तिथेही हरल्या, इथेही हरल्या. पण हरून घरी बसल्या नाहीत. पुढच्या खेपेला परत आल्या.

मी शाळेत मुलींना नेहमी सांगायचे, हरलेल्या संघाकडे बघा. जिंकलेल्याकडे सगळेच बघतात. आपल्याहून कमी साधनांत कोण तुमच्या जवळ येऊन पोचलंय, ते बघा.

जुन्या मैत्रिणींना आठवत असेल, आपणही एकेकाळी असेच होतो. माणसांनी मोठे, पण सोयींनी त्या बेटांएवढेच. १९५२ला हेलसिंकीच्या ऑलिंपिकला स्वतंत्र भारताचे चौसष्ट खेळाडू गेले. त्यांत साठ पुरुष आणि चार बायका. पोहणाऱ्या दोघी, डॉली नझीर आणि आरती साहा. धावणाऱ्या दोघी, नीलिमा घोष आणि मेरी डिसोझा. मेरी मुंबईची, वांद्र्याची. सरकारकडे तिला पाठवायला पैसे नव्हते. तेव्हा शेजारपाजारच्यांनी आणि मित्रमंडळींनी नाचाचा आणि पत्त्यांच्या डावांचा कार्यक्रम ठेवून पैसे गोळा केले आणि पोरीला पाठवलं. त्याच वर्षी खाशाबा जाधवांसाठी कोल्हापूर-कराडकडच्या लोकांनी पैसे जमवले ती गोष्ट पाठ्यपुस्तकांत आली, चांगलंच झालं. मेरीची गोष्ट किती जणींना माहीत आहे? हात वर करा. बघा.

बाईच्या वाटेत गरिबीच्या शिवाय आणखी एक धोंड होती. ती नियमांची. १९२८ला ॲमस्टरडॅमला बायकांची आठशे मीटरची शर्यत झाली. शेवटी काही जणी दमून खाली बसल्या. पुरुष दमून पडले तर ते शौर्य. बायका दमल्या तर वर्तमानपत्रांनी ओरड केली की हे बायकांच्या शरीराला झेपायचं नाही. शर्यत बंद केली, ती १९६०पर्यंत बंदच. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली १९८४ला. अडथळ्यांची तीन हजार मीटरची शर्यत, तिला स्टीपलचेस म्हणतात, ती आली २००८ला.

हे का सांगते? कारण त्याच शर्यतीत पुढे आपल्या शिवेवरची पोर उभी राहिली. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर. दुष्काळी गाव, शेतकऱ्याचं घर. शाळेत आधी खो-खोच खेळायची. या शर्यतीत सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यावी लागते. माणच्या पोरीनं इतकं पाणी पावसाळ्यातही बघितलं नसेल! २०१६ला रिओमध्ये ती अंतिम फेरीत पोचली. १९८४ला पी. टी. उषा पोचली होती, त्यानंतर बत्तीस वर्षांनी धावण्याच्या शर्यतीत भारतीय बाई अंतिम फेरीत आली. दहावी आली. मी म्हणते, जगात दहावी! आणि आपल्याकडे लोक म्हणाले, पदक नाही मिळालं. सेंट लुसियानं लेव्हर्न स्पेन्सरला असं म्हटलं असतं तर ज्युलियन झाली असती का?

दुसरी आपल्या शेजारची. धाराशिवची सारिका काळे. आजी-आजोबांच्या घरी वाढली. वडील शरीरानं अधू, आई शिवणकाम करायची. कित्येक वर्षं एकवेळच्या जेवणावर खो-खो खेळले, असं तिनंच सांगितलं आहे. २०१६ला गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ती भारताची कर्णधार होती, सुवर्णपदक घेऊन आली. २०२०ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा पुरस्कार बावीस वर्षांनी मिळत होता. एकवेळ जेवून देशाची कर्णधार होते, याचं कौतुक करताना मला लाजही वाटते. अशा किती सारिका दुसरं जेवण मिळालं नाही म्हणून मागे राहिल्या असतील?

आता माझ्या हिशेबाची खरी पाटी.

आम्ही शाळेत असताना आमच्या संघात एक मुलगी होती. नाव घेत नाही, तिची माणसं आजूबाजूला आहेत. खांबावर सूर मारण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. गडी खांबाला वळसा घालतोय तोवर हिचा हात पलीकडून यायचा. दहावीत असताना तिची जिल्ह्याच्या संघात निवड झाली. सोमवारी यादी लागली आणि शुक्रवारी तिला बघायला पाहुणे आले. आम्ही दोघी-तिघी तिच्या घरी गेलो. तिची आई म्हणाली, "पोरींनो, तुमचं खरं आहे. पण खेळून आल्यावर हिला कोण करून घेणार?" आईला दोष देत नाही. तिला जेवढं जग दिसत होतं तेवढ्यात ती बरोबरच होती.

काही वर्षांपूर्वी ती मला जेऊरच्या स्टेशनावर भेटली. बरोबर नात होती. गाडीला उशीर होता, गप्पा मारत बसलो. ती म्हणाली, "अजून फलाटावरचा खांब बघितला की हात शिवशिवतो गं." हसलो दोघी. मग ती नातीकडे बघून म्हणाली, "हिला पाठवायची आहे. हिच्या बापाला तू सांग." मी सांगितलं. ती नात आज या सतरंजीवर बसली आहे. कोण ते मी दाखवणार नाही, उगाच सगळ्या तिच्याकडे बघाल.

माझ्या नोकरीच्या तीस वर्षांत मी एक वही ठेवली होती. पाचवीला मैदानावर आलेल्या मुलींची नावं आणि त्या कधी थांबल्या, कशानं थांबल्या. आठवीपर्यंत नावं भरगच्च. आठवी ते दहावी गळती लागते आणि दहावीनंतर पान जवळजवळ कोरं. कारणं काय लिहिलेली? "पाळी सुरू झाली, आई नको म्हणते." "अर्ध्या चड्डीत खेळायचं म्हणून भाऊ ओरडतो." "मैदानावर मुतारी नाही." "सराव सुटल्यावर गावाकडे जायला गाडी नाही." "आई-वडील ऊसतोडीला गेले, धाकटी भावंडं हिच्याकडे." "लग्न ठरलं." एका तरी मुलीपुढे मी "खेळता येत नाही" असं कारण लिहिलेलं नाही, मैत्रिणींनो. एकाही.

लग्नाचं म्हणाल तर २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी शंभरात जवळजवळ बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. हे पुढारलेल्या महाराष्ट्राचं. म्हणजे नऊ जणींच्या खो-खो संघात सरासरीनं दोघी. संघातून दोघी कमी करा आणि खेळून दाखवा.

आणखी एक कारण वहीत मी त्या वेळी लिहू शकले नाही, ते आज बोलते. काही मुली न सांगता यायच्या बंद झाल्या. पुढे कळलं की बाहेरगावच्या शिबिरात कोणीतरी अंगाशी आलं होतं. मुलीनं घरी सांगितलं तर घरचे काय करतात? त्या माणसाला जाब विचारत नाहीत, मुलीचा खेळ बंद करतात. म्हणून मुली गप्प बसतात. जानेवारी २०२३मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर देशासाठी पदकं आणलेल्या कुस्तीगीर मुली याच तक्रारीसाठी बसल्या. साक्षी मलिकसारख्या ऑलिंपिक पदकविजेतीनं त्या डिसेंबरात कुस्ती सोडली. त्यांची ही गत, तर आपल्या वाडीवस्तीवरच्या पोरीची काय? एक गोष्ट सगळ्यांनी ध्यानात ठेवा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा फक्त कचेऱ्यांना नाही. क्रीडा संस्था, स्टेडियम, स्पर्धेचं ठिकाण हेही त्यात नावानिशी आहे. तक्रार समिती कुठे आहे, तिच्यात कोण बायका आहेत, हे विचारायचा तुमचा हक्क आहे. आणि मुलगी सांगेल तेव्हा आधी तिच्यावर विश्वास ठेवा. तिचे बूट काढून घेऊ नका.

आता शेवटाकडे येते. मघाशी मी म्हणाले, लहान देश आपली माणसं मोजतो. एकशेचाळीस कोटींच्या देशाला आपण लहान करू शकत नाही. पण आपला तालुका लहानच आहे ना? इथे अजून माणूस माणसाला ओळखतो. अमक्याची लेक कुठल्या वर्गात आहे हे आपल्याला माहीत असतं. लग्न कोणाचं ठरतंय हे तर दोन दिवस आधी कळतं! मग हीच ओळख कामाला लावू. एका वेळेपुरतं असं धरा की करमाळा हा देश आहे, आणि आपल्याला दर मुलीचा जाब द्यायचा आहे.

काय करायचं? मोठं काही नाही. प्रत्येक गावच्या मंडळानं एक वही घालायची. मैदानावर येणाऱ्या मुलींची नावं. एखादी आठ दिवस दिसली नाही की दोघींनी तिच्या घरी जायचं आणि कारण विचारायचं. वाद घालायचा नाही, आधी ऐकायचं. मुतारी नाही म्हणाली तर ग्रामसभेत तो विषय आपण मांडायचा. गाडी नाही म्हणाली तर सरावाची वेळ बदलायला लावायची, नाहीतर गाडी बदलायला लावायची. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे. पण पास असून संध्याकाळची गाडी नसेल तर तो पास काय गळ्यात बांधायचा? संघ बाहेरगावी निघाला की बरोबर एक बाई गेलीच पाहिजे. शिक्षिका नसेल तर तुमच्यापैकी कोणी जा. आणि शेंगदाणे, गूळ, अंडं, दूध हे सरावाला जाणाऱ्या मुलीच्या ताटात मुलाइतकंच पडलं पाहिजे. त्यासाठी कुठल्या योजनेची वाट बघायला नको, ते आपल्याच हातात आहे.

आणि लग्न झालेल्या पोरींचं काय? त्यांनी खेळू नये असं कुठल्या नियमात लिहिलंय? थिया लाफॉंड सुवर्णपदक जिंकली तेव्हा तीस वर्षांची, लग्न झालेली होती. पुढच्या वर्षी याच दिवशी सासुरवाशिणींचा एक सामना ठेवा. शिट्टी मी वाजवेन. गुडघे दुखतात, पण शिट्टी गुडघ्यानं वाजवत नाहीत.

आपल्या तालुक्यातल्या केमचं कुंकू दूरदूर जातं, सगळ्यांना अभिमान आहे. केमची मुलगी कुठवर जाते, हे मला पुढच्या वर्षी विचारायचं आहे.

खो-खोमध्ये एक नियम आहे. पाटीवर बसलेल्या गड्याला कितीही जोर असला तरी आपण होऊन उठता येत नाही. मागून कोणीतरी पाठीला हात लावून 'खो' म्हणावं लागतं. मग ती उठते आणि मागे न बघता धावते. माझ्या आईनं मला खो दिला, म्हणून मी धावले. माझ्या त्या मैत्रिणीला वेळेवर मिळाला नाही. तिनं तो नातीसाठी जपून ठेवला. मैत्रिणींनो, इथून घरी गेल्यावर आपल्या पुढे कोण बसलंय ते बघा. आणि खो जरा मोठ्यानं द्या.

एवढं बोलून मी थांबते.